आठ ते आठ-दहा

“दुपारी बारापर्यंत तोंड उघडायचं नाही. जप संपला तरी नाही, घर पेटलं तरी नाही. बाकीचं मी बघून घेते.”

सासूबाईंनी हे माझ्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सांगितलं. नव्या सुनेने कोणतं व्रत धरावं असा प्रश्न घरात निघाला होता आणि त्यांनी पुष्कळ विचार करून माझ्यासाठी मौन निवडलं. यात त्यांचीच सोय होती, असं पुढे काही जणींनी मला सुचवलं. मी त्यावर मत दिलं नाही, कारण त्या सकाळच्या वेळी सुचवत होत्या. या गोष्टीला चौतीस वर्षं झाली. सासूबाई गेल्या, मौन राहिलं. माझी लेक जन्मली ती सकाळी सव्वानऊला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो, ओरडा की जरा, मोकळं वाटेल.” मी मान हलवली. शेवटी त्याच ओरडल्या.

ती लेक आता परदेशात असते आणि तिच्या बाळंतपणासाठी मी तिच्याकडे आले आहे. आल्यावर पंधरा दिवसांत माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. जपमाळेचा मणी सुटला की धरला हे कळेना. किती झाले ते देवानेच मोजावं असं ठरवलं. मग कप सुटला, मग भांड्याचं झाकण. मी कुणाला काही बोलले नाही. कप जुनाच होता, असं मानायला घरात सगळे तयार होते.

अशात इथल्या रुग्णालयाने होऊ घातलेल्या आजी-आजोबांचा वर्ग घेतला. विषय, बाळ कसं धरावं. ज्यांनी आधी मुलं वाढवली आहेत त्यांना हा वर्ग सक्तीचा, कारण चुकीच्या सवयी त्यांनाच असतात. बाळाच्या वजनाची एक रबरी बाहुली प्रत्येकाच्या हातात देत होते. माझ्या हातून ती डोक्यावर पडली. शिकवणाऱ्या बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. लेकीला वाकता येत नव्हतं, सातवा सरला होता. तरी तीच वाकली, बाहुली उचलली, तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवली. घरी येईपर्यंत गाडीत ती काही बोलली नाही. वेळ दुपारची होती, म्हणजे मलाही बोलायला हरकत नव्हती.

बाळ यायला सात आठवडे होते. तेवढ्यात हात बरा व्हायला हवा होता, नाहीतर मी इथे येऊन नातवंडाकडे लांबूनच बघणार होते.

आता इथली पद्धत सांगते. इथे डॉक्टरकडे जाता येत नाही. आधी वेळ घ्यावी लागते. वेळ फोनवरच मिळते आणि फोन सकाळी आठ ते आठ-दहा एवढाच घेतला जातो. आठ-दहाला त्या दिवसापुरते आजार संपतात. त्यानंतर ज्यांना बरं वाटेनासं होईल त्यांनी ते उद्या सकाळी आठला वाटून घ्यावं, अशी सूचना अतिशय गोड आवाजात ऐकवली जाते.

“आई, त्यात काय एवढं! मी लावतो की फोन,” जावई म्हणाले.

ठीक आठला त्यांनी फोन लावला. आमचा क्रमांक तेविसावा होता. आठ वाजून नऊ मिनिटांनी पलीकडून एक बाई बोलल्या, “रुग्ण तुम्हीच का?”

“नाही, माझ्या सासूबाई. शेजारीच उभ्या आहेत.”

“मग त्यांनी स्वतः बोललं पाहिजे. दुसऱ्याने आजार सांगितला तर गोपनीयतेचा भंग होतो. निदान संमती तरी त्यांच्या तोंडून ऐकू दे. ‘हो’ म्हणाल्या तरी चालेल.”

जावयांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी जोरजोरात मान हलवली.

“मान हलवतायत हो त्या.”

“मान ऐकू येत नाही,” त्या बाई म्हणाल्या, आणि आठ-दहा झाले.

जावई फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिले. “आई, एक ‘हो’. एकच! देव काय एवढं धरून बसणार आहे का?”

“तिला काय सांगतोस?” लेक आतून म्हणाली. “मी जन्मले तेव्हासुद्धा बोलली नाही ती.” हे तिने कौतुकाने म्हटलं की कसं, ते मला नीट कळलं नाही.

दुपारी मी जावयांना समजावलं. चौतीस वर्षांचं मौन आहे, आणि पोरीचं बाळंतपण तोंडावर आलेलं. या वेळी कुठल्या तोंडाने देवाची खोडी काढू? ते म्हणाले, “बरं.” जावई लोक ‘बरं’ म्हणतात तेव्हा पुढे बोलायचं नसतं.

मग मी एकटीच दुपारची रुग्णालयात गेले. इथली भाषा मला येते. नोकरीत असताना रीतसर परीक्षा देऊन शिकले होते. अडचण एवढीच, की मी बोलते ती इथली भाषा इथल्या लोकांना येत नाही. दाराशी काचेची खिडकी आणि काचेपलीकडे एक बाई. आवाजावरून ओळखलं, फोनवाल्या त्याच. मी मनातल्या मनात त्यांचं नाव काचबाई ठेवलं.

“वेळ घेतलीय?” काचबाईंनी विचारलं.

“ती घ्यायलाच आलेय.”

“ती फोनवर मिळते.”

“फोन तुम्हीच घेता ना?”

“हो, मीच.”

“मग मी समोरच उभी आहे की.”

“ते दिसतंय मला,” त्या म्हणाल्या. स्वर वाईट नव्हता. “पण समोर उभं राहणाऱ्यांसाठी रकाना नाहीये. तातडीचं असेल तर गोष्ट वेगळी. तातडीचं आहे का?”

इथे माझ्याकडून चूक झाली. अशा प्रश्नाला आपल्याकडे जन्मभर एकच उत्तर दिलेलं असतं. मी म्हटलं, “छे हो, तातडीचं कसलं! तुमची कामं चालू द्या.”

“शून्य ते दहामध्ये त्रास किती?”

“असेल एक-दीड.” दोन म्हणणं मला आगाऊपणाचं वाटलं.

त्यांनी काचेखालून एक पत्रक सरकवलं. चारच्या खालच्या त्रासाला पाणी पिण्याचा सल्ला होता.

त्या महिन्यात मी चार वेळा त्या काचेसमोर उभी राहिले. दुसऱ्या खेपेला त्रास अडीचपर्यंत वाढवला. तिसऱ्या खेपेला साडेतीन म्हणाले आणि घरी येऊन खोटं बोलल्याबद्दल देवापुढे कान धरले. दर वेळी पत्रक मिळालं. चौथं लेकीच्या हाती लागलं. “साडेतीन?” ती म्हणाली. “तुला पाण्याचा पेला धरता येत नाही, आई, आणि पाणी पी म्हणतायत! उद्या मी अर्धी रजा टाकते. सकाळीच जाऊ. मी बोलते, बघू कोण काय करतं ते.”

सकाळी नऊला तिने मला दाराशी सोडलं आणि गाडी लावायला जागा शोधायला गेली. जागा शोधणं हा इथे स्वतंत्र विषय आहे. त्यात तिचे तीन तास गेले. मी आत जाऊन काचेसमोर उभी राहिले.

“पुन्हा तुम्ही? काय होतंय?” काचबाईंनी विचारलं.

मी उजवा हात वर केला आणि बोटं कशी लोंबतात ते दाखवलं.

“बोला ना. काय होतंय?”

मी नेहमीप्रमाणे मान हलवली. काचबाईंचा चेहराच बदलला. त्यांच्या मागच्या भिंतीवर तक्ता होता, तो त्यांनी वरून खाली वाचला: उजवा हात गेला, वाचा गेली. तक्त्याच्या तळाशी लाल बटण होतं. ते त्यांनी दाबलं.

पुढचं सगळं चाकांवर घडलं. चौघांनी मला उचलून आडवं केलं. जिथे चार खेपांत मला खुर्ची मिळाली नव्हती तिथे माझ्यासाठी दारं आपोआप उघडत होती. मेंदूत रक्ताची गाठ अडकल्याचा संशय असल्याचं एक तरुण डॉक्टर दुसऱ्याला सांगत होते. हा गैरसमज लगेच दूर करावा म्हणून मी खुणेने कागद मागितला आणि लिहिलं, ‘माझं मौन आहे.’ पण लिहिलं त्याच बधिर बोटांनी, आणि आपल्या लिपीत. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि नोंद केली: लिखाणही गेलं.

“हसा बघू,” ते म्हणाले.

चारचौघांत, अनोळखी पुरुषासमोर, आडवं पडून मी काय हसणार? मी पदर तोंडाला लावला. चेहऱ्याबद्दलही काहीतरी लिहिलं गेलं.

मग डोक्याचं छायाचित्र काढणाऱ्या बोगद्यात घातलं. आत फार शांत होतं. माझा जप तिथे झाला तसा घरीही कधी झाला नव्हता. बाहेर आणून सलाईन लावलं. सहा जण भोवती उभे होते. डॉक्टर माझ्या कानाशी वाकून परत परत सांगत होते, “माझ्यामागून म्हणा, आज आकाश निळं आहे.” त्या दिवशी ढग होते. बोलायची मुभा असती तरी मी ते म्हटलं नसतं.

समोर घड्याळ होतं. बाराला दोन्ही काटे जुळले तसं मी देवाला नमस्कार करून म्हटलं, “तुम्हाला फार त्रास झाला माझ्यामुळे. आता जरा हाताचं बघता का?”

खोलीत टाळ्या झाल्या. एका परिचारिकेने डोळे पुसले. सलाईन लावून दहा मिनिटं झाली होती, आणि दहा मिनिटांत वाचा परत आल्याचं उदाहरण त्या रुग्णालयात नव्हतं. मी मौनाचं सगळं सविस्तर सांगितलं. डॉक्टर मायेने ऐकत होते. “बोलू द्या त्यांना,” ते इतरांना म्हणाले, “सुरुवातीला असं असंबद्ध होतंच.”

“पण हात?” मी विचारलं. “तो तसाच आहे.”

“हात आणि वाचा ही एकाच आजाराची दोन लक्षणं होती, आजी. आजार गेला.”

“आजार गेला असेल. बोटं अजून कळत नाहीत.”

“कागदावर बरा झालाय हात,” त्यांनी मला धीर दिला. “शरीराला थोडा वेळ लागतो.” शिवाय बरा झाल्याची नोंद असलेल्या अवयवासाठी सहा महिने नवी वेळ मिळत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. बाळाला सात आठवडे उरले होते, ते आता तीन झाले होते.

लेक गाडी लावून आली तेव्हा माझ्या हातात फुलं होती.

“आई! काय झालं तुला?”

“काही नाही गं. बरी झाले.”

“हात?”

“तो सोडून.”

ती तिथेच खुर्चीत बसली आणि पोटावर हात ठेवून इतकी हसली, की दोन परिचारिका तिच्याकडे धावल्या. नंतर तिचं हसू थांबलं. “मग बाळाला कसं घेणार तू?” ती हळूच म्हणाली. मी फुलं डाव्या हातात घेतली.

सुटीच्या कागदावर काचबाईंचा शिक्का लागत होता. लेक गाडी आणायला गेली आणि मी सहाव्यांदा काचेसमोर उभी राहिले. सही करायला त्यांनी पेन दिलं. ते माझ्या बोटांतून दोनदा निसटलं. काचबाई माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी खिडकीखालची झडप उघडली.

“अंगठा आणि दोन बोटं? करंगळी ठीक?”

“ठीक.”

“पहाटे मुंग्यांनी जाग येते? हात झटकला की बरं वाटतं?”

“तुम्हाला कसं कळलं?”

त्यांनी बाही वर केली. मनगटाला आतून पट्टी असलेला पट्टा होता. तसलाच दुसरा त्यांनी खणातून काढून खालून सरकवला. “झोपताना बांधायचा. मनगट वाकू द्यायचं नाही, बस. आणि हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. मला सांगायचा अधिकार नाही.”

“तुम्हाला कुठल्या डॉक्टरांनी दिला?”

“मला?” त्या पहिल्यांदाच हसल्या. “दुकानातून आणलाय. चार वर्षं झाली, आता डाव्यालाही सुरू झालंय. डॉक्टर वर दुसऱ्या मजल्यावर बसतात, पण वेळ कशी घेणार? आठ ते आठ-दहा फोन करायचा असतो.”

“मग?”

“आठ ते आठ-दहा फोन मी उचलत असते.”

 

“घरच्यांनी कुणी करायचा,” मी म्हटलं.

“घरी मी एकटीच.”

“आणि ती संमती?”

“ती मी इथूनच देईन ना! मी असणारच की लाईनवर.”

“मग मी करते तुमच्यासाठी फोन,” मी म्हणून बसले. “बाळ एकदा हातात आलं की नक्की करते.”

“तुम्ही?” काचबाई म्हणाल्या. सगळी हकीकत तोवर त्यांच्याकडेही पोहोचली होती. “आठला?”

मी मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना जागा करून दिली.

पट्टा मी रोज बांधू लागले. इकडे मोबाईलवर आपल्या लोकांचा इथला एक ग्रुप आहे. त्याचे अ‍ॅडमिन असलेले काका सर्वांना परिचित आहेत. ते सकाळी सुविचार पाठवतात आणि दिवसभर या देशातल्या लोकांना शिस्त कशी आहे आणि आपल्याकडे कशी नाही, हे लिहितात. जावयांनी गमतीने माझी गोष्ट त्यांना सांगितली. संध्याकाळपर्यंत ती ग्रुपवर होती: ‘मौनाचे वैद्यकीय फायदे. वेळ न घेता सर्व तपासण्या त्याच दिवशी. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.’

पुढच्या आठवड्यात रुग्णालयात सकाळी आपली अकरा माणसं तोंड मिटून, उजवा हात लोंबकळत ठेवून बसली होती. एकाला चामखीळ होती. एका ताईंचे केस गळत होते. एकाला काहीच नव्हतं, पण डोक्याचं छायाचित्र एकदा काढून ठेवलेलं बरं, असं त्याच्या बायकोचं मत पडलं. माझ्याकडेही फोन येऊ लागले. “काकू, तुमचं हे व्रत धरायला काही सोवळंओवळं लागतं का? की नुसतं गप्प बसलं तरी चालतं?”

तीन दिवसांत परिपत्रक निघालं. ज्या रुग्णांची वाचा दुपारी बाराला परत येण्याचा संभव आहे, त्यांना बारापर्यंत बाकावर बसवावे. अर्जात नवा रकाना आला: ‘आपले न बोलणे आजारामुळे आहे की श्रद्धेमुळे? रुग्णाने स्वतः तोंडी सांगावे.’

आणि नेमकं त्यानंतरच्या बुधवारी अ‍ॅडमिनकाकांना सकाळी दात घासताना खरोखरच बोलता येईना. हात उचलेना. काकू त्यांना घेऊन रडत आल्या. पहारेकऱ्याने त्यांना आदराने बाकावर बसवलं आणि घड्याळ दाखवलं. काकू सांगत होत्या, “अहो, हे व्रतवाले नाहीत, हे कधी गप्प बसतच नाहीत!” पण गेल्या आठवड्यात प्रत्येकाच्या बायकोने साधारण असंच सांगितलं होतं.

काचबाईंनी काचेतून काकांचं तोंड पाहिलं. ते एका बाजूला उतरलं होतं. त्या काच सोडून बाहेर आल्या, जे नियमात बसत नाही, आणि परत आत जाऊन त्यांनी लाल बटण दाबलं, जे परिपत्रकात बसत नव्हतं. काका वाचले. आता हळूहळू बोलतात. जागा सोडल्याबद्दल काचबाईंना लेखी ताकीद मिळाली. ग्रुपवर काकांनी बरे झाल्यावर पहिला संदेश टाकला: ‘इथली व्यवस्था निष्ठुर आहे.’ त्याखाली एकशे चाळीस अंगठे आले. ताकिदीचं मी तिथे लिहिलं, त्याखाली एकही नाही.

बाळ गेल्या मंगळवारी झालं. मुलगी. परिचारिकेने कापडात गुंडाळून विचारलं, “आजी कोण?” लेकीने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. वेळ सकाळची होती, दोघीही बोललो नाही. पोरीचं डोकं माझ्या उजव्या पंज्यात आलं. ऊबदार, थोडं ओलसर आणि जड. अंगठ्याला जड लागलं, शेजारच्या बोटाला लागलं, मधल्यालाही लागलं. तीन आठवडे बांधलेल्या पट्ट्याने काम केलं होतं. हात कागदावर आधीच बरा असल्याने याची नोंद कुठेही झाली नाही.

आज सोमवार. आंघोळ झाली, दिवा लावला, जप लवकर आटोपला. देवाला मनातच म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे, तेवढं थांब. परत आले की आधी तुझाच नंबर. त्याने हरकत घेतलेली दिसली नाही. चौतीस वर्षांत मी त्याच्याकडे पुष्कळ मागितलं, पण त्याला थांबायला पहिल्यांदाच सांगते आहे.

तुमच्यापैकी जे परदेशात असतील ते आत्ता फोन हातात धरून आठ वाजायची वाट बघत असतील. लाईन व्यस्त लागली तर चिडू नका, ती मी आहे. आणि चुकून माझ्याआधी तुमचा लागला, तर आपलं दुखणं सांगून झाल्यावर पलीकडच्या बाईला एवढंच विचारा, ‘तुमचा हात कसा आहे?’ विचारणार नाही तुम्ही. चार वेळा तिच्यासमोर उभं राहून मीही विचारलं नव्हतं, आणि मी तर रोज देव देव करणारी.

आठला सात मिनिटं आहेत. लेक आणि पोर झोपल्यात. घरात बोलले तर जागी होतील. चपला हातात घेतल्या आहेत. कडी आवाज न करता काढते, आणि खाली कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाते.